चिरनवोदित

ज्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत 'आणि इतर मान्यवर' या शब्दांच्याही खाली, 'सर्वांनी अगत्य उपस्थित राहावे' या ओळीत गृहीत धरलेले असते, ज्याला आपली रचना सादर करण्यासाठी तीन मिनिटे मिळतात, आणि जो अध्यक्षांच्या आधी तासभर येऊन त्यांच्यानंतर तासाभराने घरी जातो, त्या लेखकाला मराठी साहित्यव्यवहारात 'नवोदित' म्हणतात. या व्याख्येत वयाचा उल्लेख नाही आणि तो हेतुपुरस्सर टाळलेला आहे. कारण या वर्गात अकरावीत शिकणारी मुलगी जशी आढळते, तसे एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थही आढळतात, आणि दोघांच्याही पहिल्या कवितेचा विषय पाऊस हाच असतो. ही अवस्था किती काळ टिकावी याची मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. काहींच्या बाबतीत ती दोन-तीन वर्षांत संपते. काहींच्या बाबतीत मात्र ती इतकी चिवट निघते की, पंचाहत्तरीच्या सत्कारात शाल पांघरताना निवेदक त्यांचा परिचय 'आपल्या गावातील एक उमदे नवोदित कवी' असाच करून देतो आणि सत्कारमूर्तींनाही त्यात काही वावगे वाटत नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा दुसरा प्रकार आहे. सोयीसाठी त्यास 'चिरनवोदित' म्हटले असून, नमुन्यादाखल वर उल्लेखिलेला निवृत्त वाहकच घेतला आहे, कारण या वर्गाची बहुतेक लक्षणे त्याच्यात एकवटलेली सापडतात.

या नमुन्याचे वसतिस्थान म्हणजे तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रातील अशा वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊ लागली व त्या वर्गाप्रमाणे त्यांना शासनाचे अनुदान मिळू लागले. त्यामुळे गावातील वाचनालय कोणत्या वर्गाचे आहे हे गावातील लेखकांपेक्षा अधिक निश्चितपणे सांगता येते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक सभागृह असते, सभागृहात संस्थापकांची तसबीर असते, तसबिरीखाली दिवंगत देणगीदारांच्या नावाचा फलक असतो, आणि त्या फलकाखाली दर रविवारी दुपारी चार वाजता, म्हणजे प्रत्यक्षात पावणेपाचला, लेखनाचा वर्ग भरतो. या वर्गाला कोणी 'कार्यशाळा' म्हणतात, कोणी 'काव्यकट्टा' म्हणतात, तर संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याची नोंद 'उपक्रम क्र. 7' अशी होते. शुल्क नाममात्र असते आणि चहाचा खर्च आळीपाळीने केला जातो. ज्याची पाळी असेल त्याच्या कवितेवर त्या दिवशी फारशी टीका होत नाही, हा अलिखित नियम.

लेखन शिकवता येते काय, हा प्रश्न अशा वर्गाच्या उद्घाटनात दरवर्षी विचारला जातो आणि उद्घाटक स्वतःच 'प्रतिभा ही उपजतच असावी लागते' असे त्याचे उत्तर देऊन, ज्यांनी शुल्क भरले आहे त्यांच्याकडे पाहत स्मित करतात. वास्तविक हा प्रश्न सुमारे हजार वर्षांपूर्वीच निकाली निघालेला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा, निपुणता म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये न्याहाळल्याने येणारी जाण, आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीप्रमाणे केलेला अभ्यास, या तिन्ही गोष्टी मिळून काव्याचे एकच कारण होते असे सांगितले. म्हणजे शिकवणी त्याला मान्य होती. त्याच शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने तर 'कविकंठाभरण' हा ग्रंथच कवी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी रचला आणि त्यात शिष्यांचे अल्पप्रयत्नसाध्य, कृच्छ्रसाध्य व असाध्य असे तीन प्रकार केले. असाध्य म्हणजे जो स्वभावतःच दगडासारखा आहे किंवा ज्याला व्याकरणाने अथवा तर्कशास्त्राने कामातून घालवले आहे तो. अशाला शिकवणे व्यर्थ होय, हे पटवताना क्षेमेंद्राने गाढवाच्या गायनाचा दाखला दिला आहे. आजच्या कार्यशाळांनी क्षेमेंद्राचे पहिले दोन प्रकार कायम ठेवले असून तिसरा, शुल्क परत करावे लागेल या भयाने, रद्द केला आहे. नवशिक्याचा वृत्तावर हात बसावा म्हणून त्याने आरंभी अर्थहीन शब्द नुसते छंदात बसवून पाहावेत, असाही एक पाठ क्षेमेंद्र सांगतो. तो पाठ आजही चालू आहे. मधल्या काळात छंद तेवढा गळाला.

तथापि चिरनवोदिताचा खरा चरित्रकार म्हणजे राजशेखर. कनोजच्या दरबारात वावरलेल्या, परंतु आपल्या पूर्वजाला 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणवणाऱ्या या पंडिताने दहाव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास 'काव्यमीमांसा' लिहिली व तीत कवीच्या दहा अवस्था वर्णन केल्या. कवी होण्याच्या इच्छेने गुरूकडे जाऊन शिकणारा तो काव्यविद्यास्नातक. जो मनातल्या मनात रचतो आणि लपवून ठेवतो तो हृदयकवी. दोष निघेल या धास्तीने स्वतःची रचना दुसऱ्याची म्हणून वाचतो तो अन्यापदेशी. जुन्यांपैकी एखाद्याची छाया अंगावर घेऊन लिहितो तो सेविता. सुटे सुटे चांगले लिहितो पण सलग मोठे काही रचत नाही तो घटमान. पुढे महाकवी, कविराज वगैरे अवस्था येतात. त्यांचा वाचनालयाच्या वरच्या मजल्याशी संबंध नसल्याने त्या येथे सोडून दिल्या तरी चालतील. दहावी अवस्था मात्र ध्यानात ठेवावयास हवी. तिचे नाव संक्रामयिता, म्हणजे जो आपली सरस्वती मंत्राच्या बळावर मुलामुलींमध्ये संक्रमित करतो तो. कार्यशाळेच्या मार्गदर्शकाचे इतके नेमके वर्णन नंतरच्या साहित्यशास्त्रात क्वचितच आढळेल.

वाहकाच्या जीवनक्रमात राजशेखराच्या पहिल्या अवस्थांचा क्रम थोडा उलटापालटा होतो. नोकरीच्या काळात तो हृदयकवी असतो आणि विमा कंपनीने भेट दिलेल्या डायरीत, ज्या पानांवर शासकीय सुट्ट्या व रक्तगटांची माहिती छापलेली असते त्या पानांच्या मागे, त्याच्या रचना दडलेल्या असतात. निवृत्तीनंतर तो अन्यापदेशी होतो; नातेवाईकांच्या बैठकीत 'ही मला कोणीतरी पाठवली होती' अशी प्रस्तावना करून तो स्वतःची चारोळी वाचून दाखवतो आणि ती कोणाला न आवडल्यास 'मलाही खास वाटली नाही' असे म्हणून त्या अज्ञात कवीला वाऱ्यावर सोडतो. घरातील मंडळींना हे कळत नसते अशातला भाग नाही. परंतु निवृत्त माणूस दुपारच्या वेळी स्वयंपाकघरात येऊन डाळींचे डबे पुन्हा लावण्यापेक्षा कविता करतो आहे, याचे मोल पत्नीला ठाऊक असते, आणि म्हणून वाचनालयातील वर्गाची जाहिरात वर्तमानपत्रातून कापून त्याच्या चष्म्याखाली ठेवण्याचे काम तीच करते. मराठी साहित्याला घरातून मिळालेल्या पाठबळाचा इतिहास लिहिला गेल्यास त्यातील मोठा भाग अशा व्यावहारिक हेतूंनी भरलेला निघेल.

वर्गात प्रवेश केल्यावर वाहकाची गाठ प्रथम मात्रांशी पडते. ऱ्हस्व अक्षर म्हणजे लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर किंवा ज्याच्यापुढे जोडाक्षराचा आघात येतो ते अक्षर म्हणजे गुरू, त्याच्या दोन मात्रा. एवढे समजले की तो हाताची बोटे मोजू लागतो आणि पुढे काही महिने थांबत नाही. प्रवासी मोजण्यात हयात गेलेली असल्यामुळे या कामी तो वर्गातील मराठीच्या निवृत्त प्राध्यापकांनाही मागे टाकतो, पण बसमध्ये जसे कोणी खांबामागे उभे राहून सुटत असे तसा प्रत्येक ओळीत एखादा लघू त्याच्याकडून सुटतोच. त्यानंतर गझल येते. सुरेश भटांनी नवशिक्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून ती होतकरूंना पोस्टाने पाठवण्याचा परिपाठ ठेवला, पुष्कळांच्या रचना पत्राने तपासून दिल्या, आणि एक अख्खी पिढी या टपालावर वाढली. त्यामुळे गझलेचे तंत्र शिकवणे हे आता कोणत्याही गावच्या वर्गाचे आद्य कर्तव्य झाले आहे. शेराच्या अखेरीस जशाचा तसा परत येणारा शब्द किंवा शब्दसमूह म्हणजे रदीफ, त्याच्या आधी येणारे यमक म्हणजे काफिया, आणि त्या यमकात सातत्याने राखावयाचा स्वर म्हणजे अलामत. अलामत समजली की नवोदित माणूस बदलतो. त्याला आजवर आवडलेल्या निम्म्या गझला सदोष दिसू लागतात आणि उरलेल्या निम्म्या केवळ निर्दोष.

सेविता ही अवस्था याच सुमारास येते. ज्याच्यावर भटांची छाया पडते तो बोलतानाही थांबून थांबून बोलू लागतो. ज्याच्यावर कवी ग्रेस यांची छाया पडते त्याचे बोलणे समजेनासे होते. वाहकाच्या बाबतीत छाया कोणा एकाची पडत नाही. त्याच्या कवितेत चंद्र असतो, शुभ्र वस्त्रांकित अभिसारिका असते, विरहाचा वणवा असतो, आणि ज्या माणसाने आयुष्यभर गर्दीत तोल सांभाळून पाच-पाच रुपयांची सुटी नाणी परत केली त्याच्या लिखाणात नाणे, गर्दी, घाम किंवा गावाचे नाव औषधालाही सापडत नाही. कविता करताना आपण स्वच्छ कपडे घातले पाहिजेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

या वर्गाचे अर्थशास्त्र दादेवर चालते. दाद म्हणजे श्रोत्याने ओळ संपताच दिलेली तोंडी पावती; तिची चलने 'व्वा', 'क्या बात है' आणि 'पुन्हा एकदा' ही असून त्यांचे मूल्य चढत्या क्रमाने वाढत जाते. ही पावती वरकरणी कवितेला दिलेली दिसत असली तरी ती उसनवारीच्या तत्त्वावर दिलेली असते. पहिल्या कवीने दुसऱ्याला दोन 'व्वा' दिले की दुसऱ्याकडे त्याची दोनांची बाकी राहते, आणि जो आपली कविता वाचून, इतरांची न ऐकता, 'घरी पाहुणे आहेत' असे सांगून निघून जातो तो बुडवा ठरतो व पुढच्या रविवारी त्याला रोखीने व्यवहार करावा लागतो. राजशेखराने रसिकांचेही चार प्रकार केले आहेत: ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, जो धान्याबरोबर गवतही खातो तो सतृणाभ्यवहारी, जो जळतो तो मत्सरी, आणि जो मर्मापर्यंत पोहोचतो तो तत्त्वाभिनिवेशी; हा चौथा हजारांत एखादाच असतो, असेही त्याने बजावले आहे. रविवारच्या वर्गाला जास्तीत जास्त चाळीसजण येत असल्यामुळे चौथ्याची अपेक्षा धरणे गणिताला सोडून आहे. पहिला व तिसरा प्रकार एकाच व्यक्तीत नांदतात आणि ती व्यक्ती शेजारच्या गावातील मंडळाची अध्यक्ष असते. उरलेले सर्व गवतासकट जेवतात.

येथे या संस्थांचे खरे दुखणे सुरू होते. राजशेखराने कवीची दिनचर्या सांगताना दिवसाचे चार प्रहर पाडले: पहिल्यात अध्ययन, दुसऱ्यात रचना, जेवणानंतरच्या तिसऱ्यात काव्यगोष्ठी म्हणजे समानधर्मी मंडळींची बैठक, आणि चौथ्यात, एकट्याने किंवा मोजक्या माणसांना घेऊन, सकाळी लिहिलेल्याची तपासणी. रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची दृष्टी विवेक करणारी नसते, म्हणून मागाहून तपासावे, जास्तीचे काढावे, उणे भरावे, चुकीच्या जागी पडलेले हलवावे, असा त्याचा आग्रह आहे. गावोगावच्या वर्गांनी तिसरा प्रहर इतक्या प्रेमाने उचलला की तोच दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत चालतो. चौथ्या प्रहराची तरतूद कार्यक्रमपत्रिकेत असते; तेथे 'रचनांवर चर्चा' असे छापलेले असते. परंतु प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, मान्यवरांचा परिचय, मान्यवरांनी स्वतः दिलेला स्वतःचा परिचय आणि काव्यवाचन यांतून वेळ उरत नाही, आणि सूत्रसंचालिका अतिशय गोड आवाजात 'वेळेअभावी चर्चेचे सत्र आपण पुढील वेळी घेऊ' असे जाहीर करते. जाहीर होताच सभागृहात जो सुटकेचा भाव पसरतो तो पाहता, वेळेचा अभाव हा सर्वांच्या संमतीने घडवून आणलेला असतो, असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

याचा अर्थ तिसरा प्रहर टाकाऊ असतो असा नव्हे. पुण्यात 1923 साली जमलेल्या रविकिरण मंडळातील माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे आदी कवी रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र येत व एकमेकांच्या कविता ऐकत; त्या बैठकीला टवाळांनी 'सन-टी क्लब' हे नाव ठेवले होते, म्हणजे चहा, रविवार आणि टवाळी ही त्रयी आजच्या वर्गांना वारशाने मिळालेली आहे. त्या मंडळाचे भाग्य असे की त्याच्या चौथ्या प्रहराची व्यवस्था आचार्य अत्रे यांनी 1925 च्या 'झेंडूची फुले' या विडंबनसंग्रहातून, कोणी न मागता आणि विनामूल्य, केली. पुढच्या काळात ही व्यवस्था काही संपादकांनी सांभाळली. 'सत्यकथा' हे मासिक 1982 मध्ये बंद पडेपर्यंत राम पटवर्धनांसारखे संपादक नवख्या लेखकांच्या कथांवर बारकाईने काम करीत, आणि 'साभार परत' ही दोन शब्दांची टिपणीसुद्धा पुष्कळांना आयुष्यभर पुरली. काहींना तर ती इतकी लागली की लघुअनियतकालिकांच्या धामधुमीत, 1969 साली, 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली. त्या होळीतही एक प्रकारचे गांभीर्य होते, कारण परत आलेल्या साहित्याची कोणाला तरी चीड येत होती. आता साहित्य परत येत नाही. त्याच्यासोबत सहभागाचे रंगीत प्रमाणपत्र येते.

तेव्हाच्या औरंगाबादेतील 'अस्मितादर्श'चा दाखला येथे वेगळा नोंदवला पाहिजे. गंगाधर पानतावणे यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या या नियतकालिकाभोवती लेखक-वाचक मेळावे भरू लागले आणि ज्यांच्या घरात लिहिणारा पहिलाच माणूस जन्माला आला होता अशा अनेकांना तेथे प्रथमच ऐकणारे भेटले. ज्याला कोणी ऐकतच नव्हते त्याच्यासाठी तिसरा प्रहर हीच मोठी गोष्ट असते, आणि दादेच्या उसनवारीची थट्टा तेथे शोभत नाही. थट्टेचा विषय होतो तो ज्याला सर्वत्र आधीपासूनच ऐकून घेतले जाते आणि तरीही जो ध्वनिक्षेपक सोडत नाही तो.

वर्गातील स्त्रियांविषयी एक स्वतंत्र परिच्छेद लिहिणे प्राप्त आहे, कारण त्यांच्यात चिरनवोदिताचे प्रमाण जवळजवळ नाही. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात असे राजशेखराने निःसंदिग्धपणे म्हटले आहे, आणि पत्नी अवंतिसुंदरी हिची मते ग्रंथात नावानिशी नोंदवून त्याने त्याचा पुरावाही घरातूनच दिला आहे. वाचनालयातील वर्गाला येणाऱ्या बायका पावणेपाचला येतात, साडेपाचला दूधवाला येणार असल्यामुळे आपली रचना आधी वाचू द्यावी अशी विनंती करतात, ती वाचतात आणि जातात. ती रचना बहुधा आखीव असते. भाजी निवडताना, कणीक मळताना व शिकवणीच्या वर्गाबाहेर मुलाची वाट पाहताना तिचा चौथा प्रहर उरकलेला असतो. मंडळाच्या कार्यकारिणीत मात्र त्यांची नेमणूक रांगोळी व सूत्रसंचालन या दोनच पदांवर होते.

वाहकाच्या आयुष्यात चौथा प्रहर येतो तो सभागृहाबाहेर, जिन्याखालच्या चहाच्या टपरीवर. बहुतेक प्रत्येक मंडळात शेवटच्या रांगेत एक न बोलणारा गृहस्थ असतो आणि तो बहुधा छापखान्यातून किंवा जिल्हा दैनिकातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक असतो. मुद्रितशोधक म्हणजे छपाईपूर्वी मजकुरातील चुका काढणारा. आयुष्यभर दुसऱ्यांचे लेखन वाचावे लागल्यामुळे त्याने स्वतः काही लिहिलेले नसते आणि म्हणून त्याला कोणाकडून दाद येणे नसते. उसनवारीच्या बाजारात ज्याची कोणाकडे बाकी नाही असा हा एकटाच. वाहकाची वही हातात आली की तो खिशातून लाल पेन काढतो, 'शुभ्र वस्त्रांकित' या शब्दांवरून एक रेघ ओढतो, जेथे काही राहिले आहे असे वाटते तेथे काकपद म्हणजे भर घालण्याची उलट्या व्ही-सारखी खूण करतो, आणि विचारतो, "ही अभिसारिका कोणत्या थांब्यावर चढली?"

वाहकाला प्रथम हा अपमान वाटतो. दोन रविवार तो टपरीवर थांबत नाही. तिसऱ्या रविवारी तो थांबतो, कारण काकपदाच्या जागी काय घालावे हे त्याला सुचलेले असते आणि ते सांगण्यासारखा दुसरा माणूस गावात नसतो. मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री शेवटच्या गावाला जाऊन तेथेच थांबणारी व पहाटे परत फिरणारी एसटी, हा विषय त्याच्या हाती लागतो. चालकाने पाटीच्या दिव्याखाली उघडलेला डबा, ट्रेमधील तिकिटांच्या गड्ड्या, वेबिलावरचा, म्हणजे वाहकाच्या तिकीट-नोंदीच्या कागदावरचा, न जुळणारा हिशेब, आणि तालुक्याच्या दवाखान्यातून रिकामे कापडी झोळणे घेऊन परत निघालेली, अर्ध्या तिकिटाचे पैसे जवळ असलेली एक बाई. हे सर्व अकरा ओळींत येते. मुद्रितशोधक त्यातील चार काढतो. उरलेल्या सातांत चंद्र नसतो, आणि त्याची उणीव भासली तर ती फक्त कवीलाच.

ही कविता वर्गात वाचली जाते तेव्हा कोणीच 'व्वा' म्हणत नाही, कारण तिच्यात 'व्वा' म्हणण्याची ठरलेली जागा सापडत नाही. मार्गदर्शक प्रसंगावधान राखून 'आशय चांगला आहे, पण यात काव्य थोडे कमी पडते' असा अभिप्राय देतात व अलामतीकडे वळतात. ग्रंथपाल मात्र, जो सभागृहाला कुलूप लावण्यासाठी किल्ल्या घेऊन दारात ताटकळत उभा असतो आणि ज्याने या खोलीत आजवर हजारो कविता नाइलाजाने ऐकलेल्या असतात, तो जिना उतरताना वाहकाला गाठून विचारतो, "मग ती बाई उतरली कुठं?" कवितेनंतर पुढे काय झाले असे विचारणारा श्रोता वाहकाला त्याच्या साहित्यिक कारकिर्दीत प्रथमच भेटलेला असतो. त्या रात्री तो बाईला उतरवण्यासाठी पुन्हा वही उघडतो.

असे असले तरी माणूस एका कवितेने सुधारत नसतो, आणि चिरनवोदित तर नाहीच नाही. संग्रह काढण्याची इच्छा त्याला यानंतरच अनावर होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना आहे, हे ग्रंथपाल त्याला सांगतो. परंतु त्यासाठी हस्तलिखित तज्ज्ञांच्या नजरेखालून जाते असे कळल्यावर तो पदरमोड करण्याचा निर्णय घेतो. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम आणि पत्नीचे 'एकदाचे छापून टाका' हे आशीर्वचन यांवर पाचशे प्रती निघतात. प्रस्तावना मार्गदर्शकांची असते आणि तीत कवितेविषयीची चार वाक्ये व प्रस्तावनाकाराच्या स्वतःच्या जडणघडणीविषयीची सहा पाने असतात. मलपृष्ठावर पाठराखण असते. पाठराखण म्हणजे पुस्तकाच्या पाठीमागे छापलेला शिफारसवजा मजकूर. ती लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेले असावे अशी अट प्रघातात नाही. मुद्रितशोधकाने काढून टाकलेल्या चारही ओळी संग्रहात परत आलेल्या असतात, कारण 'एवढे पैसे घातले तर ओळी कशाला वाचवायच्या' असा विचार वाहकाने केलेला असतो. त्या गृहस्थाला पहिली भेटप्रत मिळते. तो ती दोन दिवसांत परत आणून देतो, प्रत्येक पानावर लाल खुणा करून, आणि काही न बोलता चहा मागवतो.

त्या खुणा केलेल्या प्रतीनेच पुढचे घडते. वाहक ती प्रत उशाशी ठेवतो आणि वर्षभराने गावातल्या दिवाळी अंकात, पतसंस्थेच्या ठेवयोजनेच्या जाहिरातीशेजारी, त्याची सात ओळींची 'मुक्कामी गाडी' पुन्हा छापून येते, या वेळी खरोखरच सात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा मराठीत सुरू झालेली ही प्रथा आज पतसंस्थांच्या आधाराने जिल्ह्याजिल्ह्यांत तग धरून आहे, आणि तिचा एक अनपेक्षित लाभ असा की जाहिरातीतील व्याजदर पाहण्यासाठी अंक उघडणाऱ्यांच्या नजरेसही कविता पडते. डेपोतील दोन जुने सहकारी घरी येऊन ती बाई कोणत्या मार्गावरची, यावर वाद घालतात. दोघांचाही मार्ग वेगळा असतो आणि दोघांनीही तिला पाहिलेले असते.

यथावकाश मूळ मार्गदर्शक जिल्ह्याच्या ठिकाणी मुलाकडे राहावयास जातात आणि त्यांच्या जागी वाहकाची नेमणूक होते, म्हणजे राजशेखराच्या मधल्या पाच अवस्था ओलांडून तो थेट दहाव्या अवस्थेत, संक्रामयिता म्हणून, प्रवेश करतो. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात, त्याला 'लेखनातील काटकसर' या विषयावर नवोदितांना मार्गदर्शन करण्यासाठी वीस मिनिटे देण्यात येतात. जास्तीचे काढावे, उणे भरावे, विशेषणांवर विश्वास ठेवू नये, रचना चारचौघांत तपासावी, ही सूत्रे तो राजशेखराच्या आधाराने व स्वतःच्या उदाहरणांनी समजावून सांगतो. नवी रचना एकट्या माणसासमोर वाचू नये, कारण उद्या तो ती आपलीच म्हणाला तर साक्षीदार मिळणार नाही, हा राजशेखराचा सल्लाही तो खुलवून सांगतो व त्यावर हशा मिळवतो. पस्तिसाव्या मिनिटाला सूत्रसंचालिका त्याच्यासमोर चिठ्ठी सरकवते. पन्नासाव्या मिनिटाला दुसरी चिठ्ठी येते. तो ती शांतपणे वाचतो, पहिल्या चिठ्ठीसोबत खिशात ठेवतो, घड्याळाकडे पाहून वेळेअभावी चर्चेचे सत्र पुढील रविवारी होईल असे जाहीर करतो, आणि जाता जाता शेवटची एक म्हणून वही उघडतो.